आखातातल्या ताटाची चौकशी कोण करणार?

आखातात नोकरीला निघालेल्या मुलाला कोकणातल्या आमच्या केळशी गावात पहिला प्रश्न पगाराचा विचारतात, दुसरा व्हिसाचा. जेवण कोण देणार, चूल पेटवायला जागा आहे का, एका खोलीत किती जण, सुट्टीच्या दिवशी करणार काय, हे कोणी विचारत नाही. पोरगा कमवायला चाललाय, खाण्यापिण्याचं काय घेऊन बसलात, असा एकूण सूर असतो. मी शारजा-दुबईकडे कामगारांच्या मेसमध्ये नोकरी केली, आधी भटारखान्यात मदतनीस म्हणून आणि पुढे कोठारावर. हजारेक माणसांचं जेवण रोज माझ्या डोळ्यांसमोरून जायचं. त्या अनुभवावरून सांगतो, परदेशात माणूस टिकतो की खचतो, हे पगाराइतकंच त्याच्या ताटावर आणि त्याच्या संध्याकाळींवर ठरतं. या दोन्हींची चौकशी निघण्याआधी, इथे ओटीवर बसूनच करायला हवी.

आमच्या किनाऱ्याला आखात नवं नाही. दाभोळ, हर्णे, केळशी, बाणकोट या बंदरांतली माणसं पिढ्यान् पिढ्या गलबतांवर आणि बोटींवर गेली. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळे रुपये छापले, आणि दुबई-शारजात 1966 पर्यंत तेच चलन होतं. मुंबईहून आखाताकडे जाणाऱ्या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींतली ‘दारा’ 8 एप्रिल 1961 रोजी दुबईजवळ स्फोट होऊन पेटली आणि 238 माणसं गेली. ‘द्वारका’ मात्र 1982 पर्यंत चालली. माझे वडील तिच्यावरूनच गेले, डेकच्या तिकिटावर. सोबत वळकटी, तांदूळ आणि आईनं बांधून दिलेला सुकटीचा डबा. त्या पिढीला तिथे काय मिळेल याची खात्री नव्हती, म्हणून ती शिधा घेऊन निघायची. आताच्या मुलांना वाटतं, दुबईत सगळं मिळतं. मिळतं, पण कामगार वस्तीत राहणाऱ्याच्या हाताशी ते असतंच असं नाही.

मेस कशी चालते ते सांगतो, कारण गावात बहुतेकांना ते ठाऊक नाही. कामगारांच्या बसेस पहाटे साडेचार-पाचला सुटतात. दुपारचा डबा त्यांच्यासोबतच जायचा, म्हणजे तो त्याआधी भरून तयार पाहिजे. त्यासाठी आमच्याकडे भाताची पातेली मध्यरात्रीनंतर चढायची आणि तीनच्या सुमारास डबे भरायला सुरुवात व्हायची. एका पुडात भात, दुसऱ्यात भाजी, आमटी गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत. तो डबा उघडायचा दुपारी बाराला, वाळवंटातल्या बांधकामावर, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात. उन्हाळ्यात आमचा मुख्य आचारी दुपारच्या आमटीत नारळ घालूच द्यायचा नाही, कारण सगळ्यात आधी आंबतं ते खोबऱ्याचं वाटण. चिंच किंवा टोमॅटो घालून पातळ डाळ, एवढंच. तरीही डबे परत यायचे तेव्हा कित्येकांत आमटीची पिशवी तशीच गाठ मारलेली असायची. वरून चाचपली तरी कळायचं की आतली डाळ फसफसून पिशवी फुगली आहे. त्या माणसानं दुपारी कोरडा भात आणि वर पाणी घेतलेलं असायचं. अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करून घ्यायला कायद्यानं बंदी आहे. चांगला कायदा आहे. पण त्या अडीच तासांच्या सावलीत बसून पोटात काय जातं, हे कुठला कायदा पाहत नाही.

मेसमध्ये ताटं तीन प्रकारची निघायची: केरळी, उत्तर हिंदुस्तानी आणि पाकिस्तानी-बंगाली. कोकणी ताट असा प्रकारच नव्हता. आमची माणसं केरळी रांगेत उभी राहायची, कारण तिथे भात आणि मासे तरी मिळायचे. मंडणगडकडचा एक कुणबी मुलगा पहिल्या आठवड्यात त्या जाड लाल भाताकडे बघून गप्प बसून राहायचा. घरी उकडा तांदूळ खाणाऱ्याला तो भात परका वाटण्याचं तसं कारण नव्हतं. परकं वाटत होतं ते एकट्यानं, कोणी वाढल्याशिवाय, रांगेत ताट पुढे करून खाणं. महिनाभरानं तोच मुलगा आमच्या खोलीवर जेवायला यायला लागला आणि सावरला.

आमची खोली म्हणजे दुमजली लोखंडी खाटा, खाटेखाली ट्रंक, आणि स्वयंपाकघरात सगळ्या मजल्याच्या मिळून मोजक्याच शेगड्या. तिथे आम्ही चौघांनी चूल वेगळी केली. मी केळशीचा, मोहल्ल्यातला. एक आंजर्ल्याचा खारवी, एक मंडणगडचा आणि एक मुरुडचा. ज्याची पाळी त्यानं स्वयंपाक करायचा, ज्यानं केला त्यानं भांडी घासायची नाहीत. मासळीची खरेदी आंजर्लेकराकडे. सुरमईचा कल्ला उचलून बघितल्याशिवाय तो पैशाला हात लावायचा नाही. तेव्हा देऱ्याचा मासळी बाजार जुन्या जागी होता. 2017 मध्ये तो वॉटरफ्रंट मार्केटमध्ये गेला, थंड आणि चकचकीत झाला. आमच्या चुलीवर ओमानकडची सुरमई, घरची आमसुलं, केरळी दुकानातला नारळ. भाकरीचं पीठ मिळायचं नाही, त्यावरही तोडगा सापडला. मलबारी लोक पत्तिरीसाठी तांदळाचं बारीक दळलेलं, भाजलेलं पीठ विकतात. उकड काढून त्याची भाकरी सुरेख होते. हे मी कोणत्याही परदेशी निघालेल्या कोकणी मुलाला आवर्जून सांगतो, कारण परक्या मुलखात पहिल्यांदा आपल्या हातची भाकरी फुगते, त्या दिवशी माणसाचा जीव थाऱ्यावर येतो.

रमजानात मशिदीच्या तंबूत इफ्तारीचं जेवण कोणालाही मिळायचं, धर्म न विचारता. माझ्यासोबत मुरुडकर आणि मंडणगडकर दोघंही पंगतीला बसायचे. गणपतीत मंडणगडकर फोटोसमोर निरांजन लावायचा आणि इडलीपात्रात मोदक वाफवायचा. सारणाचा गूळ मी आणून द्यायचो. गावात आम्ही याकूबबाबांच्या उरुसाला आणि महालक्ष्मीच्या यात्रेला एकमेकांकडे जातोच, तिथे त्यात खंड पडू दिला नाही एवढंच.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगायला हवी. घरून मसाला देताना त्यात खसखस नको. आपल्याकडे खसखस वाटणात आणि लाडवातही जाते. अमिरातीत ती अमली पदार्थांच्या यादीत आहे आणि ती सोबत सापडल्यामुळे लोक तुरुंगात गेले आहेत. तेच कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेल्या औषधांचं. आईनं मायेनं बांधलेली पुडी मुलाला विमानतळावरूनच कोठडीत नेऊ शकते. कुळथाचं पीठ द्या, फणसाचे तळलेले गरे, आंबापोळी, आमसुलं, नीट बंद केलेले सोडे द्या. खसखस नको.

आता करमणुकीबद्दल. हा शब्द उच्चारला की गावातले जाणते लोक नाक मुरडतात. बारा तास काम करून खोलीवर आलेल्या माणसाला करमणूक ही चैन नाही. मी गेलो तेव्हा आठवड्याची सुट्टी शुक्रवारची होती, म्हणून गुरुवारची रात्र आमची. भाड्याचा व्हीसीआर, कोणीतरी मुंबईहून आणलेली ‘वस्त्रहरण’ची कॅसेट, दादा कोंडक्यांचे सिनेमे. मालवणी न कळणारे केरळी शेजारीही मच्छिंद्र कांबळींच्या नुसत्या हावभावांवर हसायचे. शुक्रवारी पहाटे, ऊन चढायच्या आत, मोकळ्या वाळूच्या मैदानावर टेनिस बॉलचं क्रिकेट. 24 एप्रिल 1998 हाही शुक्रवारच होता. दोन दिवसांपूर्वी शारजात वाळूच्या वादळानंतर सचिननं ऑस्ट्रेलियाविरुद्ध 143 काढल्या होत्या आणि त्या शुक्रवारी, आपल्या पंचविसाव्या वाढदिवशी, अंतिम सामन्यात 134. स्टेडियमच्या तिकिटाला पैसे नसलेले शेकडो कामगार वस्तीतल्या एका टीव्हीपुढे दाटीवाटीनं उभे होते. वाकून वाकून विटा उचललेली ती माणसं त्या रात्री ताठ चालत होती, हे मी पाहिलं आहे.

आज प्रत्येकाच्या हातात फोन आहे. केळशीतल्या यात्रेचा रथ, दापोलीकडचे क्रिकेटचे सामने, नमन-खेळे, सगळं थेट दिसतं. घरच्यांचा चेहरा रोज दिसतो. अमिरातीत व्हॉट्सॲपवर बोलता येत नाही, त्यामुळे प्रत्येकाच्या घरी बोटिम हे ॲप. आमच्या वेळी आवाज ऐकायला टेलिफोन कार्ड संपण्याच्या धास्तीत बोलावं लागायचं आणि बायकोच्या वाट्याला शेवटचं अर्धं मिनिट यायचं. फोननं ते दुःख संपवलं, त्याचे उपकारच मानले पाहिजेत. पण खाटेला पडदा लावून, कानात वायर घालून प्रत्येक जण आपापल्या गावात बसलेला असतो, आणि शेजारच्या खाटेवर कोणाला ताप आहे हे कळत नाही. फोनमध्ये गाव आहे, सोबत नाही. ती खोलीतल्या माणसांतच शोधावी लागते, आणि तिची सुरुवात एकत्र चुलीपासून होते, हे माझं ठाम मत आहे.

ही सोबत जीवन-मरणाची असते, हे 2020 मध्ये कळलं. कोरोनानं वस्त्या बंद होत्या, कामं थांबली होती. ‘वंदे भारत’ची विमानं मे महिन्यात सुरू झाली, पण सगळ्यांना जागा कुठून मिळणार? तशात 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. मी तेव्हा केळशीत होतो. माड आणि पोफळी आडव्या झाल्या, कौलं-पत्रे उडाले, वीज गेली, टॉवर बंद पडले आणि गावाचा जगाशी संबंध तुटला. तिकडे आखातात आमच्या गावची मुलं खोलीत कोंडलेली, घरचा फोन लागत नाही, टीव्हीवर फक्त पडलेली झाडं. नंतर त्यांच्याकडून ऐकलं की ज्या खोल्यांत कोकणातली चार माणसं एकत्र होती, तिथे कोणीतरी पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांमार्फत बातमी मिळवायचं आणि ती सगळ्यांना सांगायचं. जे एकटे होते ते रात्र रात्र नंबर फिरवत बसले. एकानं दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. घर उभं आहे का, हे कळायला त्याच्याकडे काहीच मार्ग नव्हता.

अशा वेळी सरकार कुठे असतं? केरळकडे बघा. तिथे 1996 पासून परदेशस्थ केरळी लोकांसाठी स्वतंत्र सरकारी खातं आहे, ‘नोर्का’. त्यांच्यासाठी कल्याण मंडळ आहे, वर्गणी भरणाऱ्याला साठीनंतर निवृत्तिवेतन मिळतं. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजनं 1998 मध्ये राज्यातल्या स्थलांतरितांची घरोघर जाऊन पाहणी सुरू केली. किती गेले, किती परतले, याचा हिशेब तिथे आकड्यांत मांडता येतो. रत्नागिरी जिल्ह्यातून किती माणसं आखातात आहेत असं आमच्या भागात विचारा, प्रत्येक जण आपापला अंदाज सांगेल. मेसमध्ये केरळी ताट वेगळं का निघायचं, याचं कारण मला हेच दिसतं. त्यांची मोजदाद होती, त्यांच्या संघटना होत्या, त्यांचं म्हणणं कंत्राटदारालाही ऐकावं लागायचं. आमची माणसं दुसऱ्याच्या रांगेत उभी राहून जे मिळेल ते खात होती. महाराष्ट्रानं कोकणासाठी रत्नागिरीत असं एक कार्यालय उघडावं आणि दर पाच वर्षांनी पाहणी करावी. आखातातून आलेल्या पैशावर गावोगाव बंगले उभे राहिले, तेव्हा एवढी मागणी जास्त नाही.

ते होईल तेव्हा होईल. आपल्या हातात आहे ते आजच करता येतं. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर आखातासह ठरावीक देशांतल्या नोकरीसाठी सरकारी मंजुरी लागते, आणि त्याला ‘प्रवासी भारतीय विमा योजना’ बंधनकारक आहे: दहा लाखांचं अपघाती संरक्षण, दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये, तीन वर्षांचा 375, कर वेगळा. दहावी झालेल्यांनीही चौकशी करून विमा उतरवावा. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर, याहून जास्त घेता येत नाही. कोणी लाख मागत असेल तर तिथेच थांबा. एजंट नोंदणीकृत आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर दिसतं, आणि ते बघायला गावातला कोणताही कॉलेजातला मुलगा पुरे.

ग्रामपंचायतीनं एक वही ठेवावी. कोण कुठल्या देशात, कोणत्या शहरात, तिथला नंबर काय, गावातलं जवळचं माणूस कोण. पुढचं वादळ येईल तेव्हा ती वही उपयोगी पडेल. आणि ज्यांच्या घरातून मुलगा निघाला आहे त्या आई-वडिलांना विनंती: करारनामा हातात घ्या आणि जेवण कंपनीचं की भत्ता, राहण्याच्या जागी स्वयंपाकघर आहे की नाही, हे लेखी बघून मगच पासपोर्ट एजंटाच्या हाती द्या. मुलाला भात-आमटी आणि भाकरी करायला शिकवूनच पाठवा. फोन आला की पैसे पोचले का हे विचारायच्या आधी विचारा, आज काय जेवलास आणि कोणाबरोबर जेवलास.