आधी तुम्हीच सांगा

पदरमोड करून वाइड-गॅमट मॉनिटर घेतला. रंगांची खात्री हवी म्हणून वर कलरिमीटर घेतला. पडद्यावर तो लटकवून प्रोग्रॅम सुरू केला, की बहुतेक वेळा आधी एक प्रश्न येतो: बॅकलाइट कोणता? खाली यादी असते. सीसीएफएल, व्हाइट एलईडी, आरजीबी एलईडी, जीबी-आर एलईडी. मोजायला आणलेलं यंत्र आधी आपल्यालाच विचारतं.

प्रश्न गैर नाही. कलरिमीटरला वर्णपट दिसत नाही. त्याच्या फिल्टरांनी १९३१ साली ठरलेल्या प्रमाण-निरीक्षकाच्या, म्हणजे सरासरी माणसाच्या, नजरेची नक्कल करायची असते, आणि ती जेमतेमच जमते. उरलेली तफावत बॅकलाइट गृहीत धरून आकडेमोडीने भरून काढतात. वाइड-गॅमट पडद्यांत ही तफावत जास्त बोचते. त्यांतल्या अनेकांचा लाल रंग ६३० नॅनोमीटरच्या आसपास बारीक सुळक्यांत गोळा झालेला असतो. फिल्टर तिथे जरासा चुकला, तरी आकडा घसरतो. वर्णपटच मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरला हे विचारावं लागत नाही. पण त्याची किंमत ऐकूनच माणूस परत फिरतो, आणि गडद छटांत तोही चाचपडतो.

तर उत्तर ग्राहकाने द्यायचं. ते त्याला कुठून ठाऊक असणार? खोक्यावर '९९ टक्के अ‍ॅडोबी आरजीबी' ठसठशीत छापलेलं. बॅकलाइटबद्दल फार तर 'एलईडी', म्हणजे काहीच नाही. मग यादीतलं त्यातल्या त्यात बरं वाटेल ते निवडायचं.

चुकीचं निवडलं तरी प्रोग्रॅम हूं की चूं करत नाही. पंधरा-वीस मिनिटं रंगीत चौकोन दाखवतो आणि शेवटी अहवाल देतो: सरासरी डेल्टा ई, म्हणजे रंगातली चूक, ०.५. हा ०.५ मोजला कोणी? त्याच यंत्राने, तेच उत्तर खरं मानून. यादीतला दुसरा पर्याय निवडून पुन्हा मोजा. पडद्यावरचा पांढरा बदलेल, अहवाल तितकाच देखणा येईल.

माझ्या टेबलावर दोन मॉनिटर शेजारी शेजारी आहेत. कलरिमीटर एकच. दोघांच्याही अहवालात ६५०० केल्विन. कोरं पान दोन्हींवर उघडलं की एक हिरवट दिसतं, दुसरं गुलाबी. फोटोंचा अल्बम छापणाऱ्याला कोणत्या पडद्यावरचा पांढरा दाखवायचा, ते अहवालात नाही.

ज्या कारखान्यात हा पडदा जुळवला, तिथे त्याचा वर्णपट कोणाला तरी ठाऊक असतोच. खोक्यावर ९९ टक्क्यांना एवढी जागा मिळते. त्याखाली एक ओळ मावली असती.