हलाल आहे, पण गव्हाचे आहे का?



उमऱ्याला निघालेल्या एका घरातून आम्हाला प्रश्न आला आहे. त्यांच्या बारा वर्षांच्या मुलीला सिलिॲक आहे, म्हणजे गहू अजिबात चालत नाही. घरात दोन मते पडली आहेत. दादी म्हणतात, "अल्लाहच्या घरी चाललो आहोत, तिथे काही होणार नाही. तिलाही सगळ्यांबरोबर खाऊ द्या." वडील म्हणतात, "पंधरा दिवस परक्या मुलुखात हिच्या जेवणाचे कोण बघणार? या खेपेला तिला मामूकडे ठेवू." दोन्ही मते प्रेमापोटीच आहेत. आमचे उत्तर मात्र तिसरे आहे. मुलीला न्या, आणि तिचे पथ्यही बरोबर न्या.

आधी दादींशी बोलू. सिलिॲक म्हणजे खाण्याचे नखरे नव्हेत. गहू, जव आणि थंड देशांत पिकणारे राय नावाचे धान्य (आपली मोहरी नव्हे) यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. सिलिॲक असलेल्या माणसाच्या पोटात ते गेले की शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा लहान आतड्याच्या आतल्या अस्तराचे नुकसान करते. मग खाल्लेले अंगी लागत नाही. रक्त कमी होते, हाडे ठिसूळ होतात, मुलांची उंची खुंटते. यावर आजतरी औषध नाही. जन्मभराचे पथ्य हाच इलाज. जमजम प्यावे, दुआ मनापासून करावी. पण दुआ करणारा साखरेचा रुग्ण इन्सुलिन सोडत नाही, तसेच हे पथ्यही सोडायचे नाही.

"एक घास खाल्ला तर काय बिघडते?" हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. हिशेब करून पाहू. एका मध्यम चपातीला साधारण 30 ग्रॅम पीठ लागते. त्यात सुमारे अडीच ग्रॅम, म्हणजे 2,500 मिलिग्रॅम ग्लुटेन असते. रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन काही महिने पोटात गेले तरी आतड्याला इजा होते, असे संशोधनात दिसले आहे. म्हणजे चपातीचा पन्नासावा तुकडा, नखाएवढा! पाकिटावर 'ग्लुटेन फ्री' छापायचे असेल तर एका किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. हा आंतरराष्ट्रीय नियम आहे आणि आपल्या देशातही तोच आहे.

आता वडिलांची काळजी. मक्का-मदिन्यात खायला काय मिळणार? खरे सांगायचे तर बरेच काही. तिकडचे रोजचे जेवण भाताचे आहे. कब्सा आणि मंदी दोन्ही भात-मांसाचे पदार्थ. शिवाय भाजलेले मांस आणि मासे, अंडी, फूल म्हणजे शिजवलेला बाकला, हुम्मुस, लबन, फळे आणि खजूर. अजवा असो की सुक्करी, निव्वळ खजूर बिनधास्त द्यावा.

पण आपण मुसलमान माणसे परदेशात एकच प्रश्न विचारायला शिकलो आहोत: हलाल आहे का? सौदीत तो प्रश्न मिटतो आणि आपण निर्धास्त होतो. या मुलीसाठी मात्र दुसरा प्रश्न तिथे गेल्यावरच सुरू होतो. हरीस म्हणजे गहू आणि मांस, आपल्या हलीमचा भाऊबंद. जरीश म्हणजे भरडलेला गहू. तब्बूला आणि किब्बेत बुरगुल, म्हणजे उकडून दळलेला गहू. फत्तूश नावाच्या सॅलडात तळलेल्या रोटीचे तुकडे. रमजानच्या शोरब्यात बरेचदा जरीश किंवा ओट्स असतात. ओट्स दळताना गव्हाची सरमिसळ होते, म्हणून तेही टाळावेत. खजूर भरलेला मामूल रव्याचा असतो. बाटलीतले माल्टचे शीतपेय हलाल असते, पण माल्ट जवाचा असतो. सर्वांत फसवा आहे पांढरा भात. त्यात पुष्कळ ठिकाणी परतलेल्या गव्हाच्या शेवया घातलेल्या असतात. ताटात नीट पाहिल्याशिवाय भातही घेऊ नये.

तलबीना हा जवाच्या पिठाचा पदार्थ. त्याचा उल्लेख हदीसमध्ये आहे, म्हणून प्रेमाने कुणीतरी आणून देईलच. ज्याला जव चालतो त्याने बरकत समजून खावा. आजारी माणसाने न खाल्ल्याने त्याच्या इबादतीत काही उणे येत नाही. आजाऱ्याला आणि मुसाफिराला रोज्यातही सवलत देणारा आपला दीन आहे.

इथे उर्दू वाचणाऱ्या घरांना एक मोठी सोय आहे. अरबी पाकिटावरची अक्षरे आपल्या ओळखीची आहेत. फक्त शब्द वेगळे आहेत. गंदुम शोधाल तर सापडणार नाही. क़ाफ, मीम, बडी हे दिसले तर तो 'कम्ह', म्हणजे गहू. शीन, ऐन, ये, रे म्हणजे 'शईर', जव. मधला 'ये' नीट पाहा; तो नसेल तर आपण त्याला शेर वाचतो! याच शईरच्या पुढे ये आणि गोल ते लागले की 'शईरिया', म्हणजे शेवया, आणि त्या गव्हाच्या. दाल, क़ाफ, ये, क़ाफ म्हणजे 'दकीक'. उर्दूत आपण अवघड मसल्याला दकीक म्हणतो, अरबीत ते पीठ आहे. सीन, मीम, ये, दाल म्हणजे 'समीद', रवा. आणि 'खाली मिन अल-जलूतीन' असे लिहिलेले असेल तर ग्लुटेनपासून खाली, म्हणजे मुक्त. ही यादी मुलीलाच पाठ करायला लावा. वर्गातला आमचा अनुभव असा की जी गोष्ट मूल स्वतः वाचू शकते, तिची भीती त्याला राहत नाही.

हॉटेलात दाखवायला एक चिठ्ठी अरबीत लिहून घ्या: 'इंदी हस्सासियत अल-कम्ह', म्हणजे मला गव्हाची बाधा आहे. तिकडे सिलिॲकला सर्रास हेच म्हणतात. खाली गहू, जव, पीठ आणि रवा यांची नावे लिहा. त्याच चिठ्ठीच्या मागे उर्दू मजकूर असू द्या, कारण तिथल्या भटारखान्यांत आपल्या उपखंडातले कारागीर पुष्कळ असतात.

विमानाचे पाहू. ग्लुटेनमुक्त जेवणाचा संकेत जीएफएमएल, मुस्लिम जेवणाचा एमओएमएल. बहुधा एका प्रवाशाला यातला एकच निवडता येतो. सौदी किंवा अमिरातीच्या विमानात सर्व जेवण हलाल असते, तेव्हा जीएफएमएल सांगितले की काम झाले. इतर विमानांत ग्लुटेनमुक्त ताट हलाल असेलच असे नाही. तिथे घरचा डबा बरा. निदान 24 तास, काही ठिकाणी 48 तास आधी कळवावे लागते. तिकीट ग्रुपचे असेल तर एजंटकडून नोंद करून घ्या, आणि परतीच्या विमानाची वेगळी तपासा.

सामानात तांदूळ, ज्वारी, नाचणीचे पीठ न्या. तांदळाची भाकरी तर आपल्या कोकणी घरांत रोजचीच. तिच्यासाठी वेगळा तवा आणि लहान पातेले घ्या. कुटलेला हिंग नेऊ नका, त्यात बहुधा मैदा मिसळलेला असतो. आणि मसाल्यात खसखस अजिबात नको. सौदी आणि अमिरातीत तिला बंदी आहे, आणि पकडले गेल्यास प्रकरण गंभीर होते. डॉक्टरांचे इंग्रजी पत्रही जवळ असू द्या.

ही झाली तयारी. आता खरी कठीण जागा, दस्तरख्वान. ग्रुपमध्ये सगळे एका थाळ्याभोवती बसतात. थाळ्यात भात असतो, पण प्रत्येकाच्या हातात रोटी असते आणि तिचा चुरा भातात पडतो. आपल्या हिशेबाने तेवढा चुरा पुरेसा आहे. मदिन्यात इफ्तारच्या वेळी लोक हात धरून आपल्या सुफऱ्यावर बसवतात. खजूर, दही, रोटी आणि दुक्का नावाचा मसाला पुढे ठेवतात. त्या मायेला नाही म्हणणे मोठ्यांनाही जमत नाही, बारा वर्षांच्या मुलीने ते कसे करावे? दर जेवणाला तिला दहा जणांपुढे आपला आजार सांगावा लागला, तर चौथ्या दिवशी ती गुपचूप रोटी खाईल किंवा उपाशी राहील.

म्हणून नाही म्हणण्याचे काम घरातल्या मोठ्यांनी करावे. वडिलांनी पहिल्याच दिवशी ग्रुपच्या स्वयंपाक्याला भेटून सांगावे की हिचा भात रोटीला हात लागण्याआधी, वेगळ्या डावाने, वेगळ्या ताटात काढा. अम्मीने सुफऱ्यावर तिच्या शेजारी बसून फक्त खजूर उचलून तिच्या हातात द्यावा आणि यजमानाला 'शुकरन' म्हणावे. मेहमानी स्वीकारली गेली, पथ्यही राहिले. आणि दादींनी एवढेच करावे, एक दोन जेवणे तिच्याबरोबर भाकरी खावी. वेगळे ताट एकट्याचे असले की शिक्षा वाटते, दोघींचे असले की दस्तरख्वान होते.

तुर्कस्तानात बुरगुल आहे, मलेशियात सोया सॉसमध्ये गहू असतो. इंग्लंड आणि युरोपात डिसेंबर 2014 पासून हॉटेलांना ग्लुटेनसह 14 पदार्थांची माहिती ग्राहकाला द्यावीच लागते, तिथे विचारायला संकोच नको. देश बदलला की पदार्थांची नावे बदलतात. विचारायचे दोन प्रश्न मात्र तेच राहतात, आणि ते विचारणारी घरची माणसे बरोबर असली की मूल कुठेही जाऊ शकते.

सफर आसान होवो.