पट्टा मागच्यांनीही लावा



रामनवमीला पोहरादेवीची यात्रा भरते. सेवालाल महाराजांच्या दर्शनाला तांड्या-तांड्यांतून जीपगाड्या, मोटारी निघतात. म्हणून हे चार शब्द.

जुन्या मोटारीचा पत्रा जाड, म्हणून ती भक्कम, असे आपण समजतो. पण टक्कर झाली की सगळा हिसका आतल्या माणसाला बसे. नव्या मोटारीचे नाक मुद्दाम चेपेल असे बनवतात. ते हिसका सोसते आणि बसायची जागा शाबूत राहते. छाती व कंबर दोन्ही धरणारा पट्टा स्वीडनच्या नील्स बोलिन यांनी १९५९ साली काढला. आपल्या देशात २०१९ पासून नव्या मोटारीत चालकापुढे हवेची पिशवीही सक्तीची झाली.

पण पट्टाच न लावला तर गाडी काय करणार? ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. मोटार महागाची होती. ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले.

मागचा सुटा माणूस पुढच्यावर आदळतो, हे ध्यानात ठेवा. लेकराला पुढच्या सीटवर मांडीवर घेऊ नका. आणि गाडीत जितके पट्टे, तितकीच माणसे बसवा.