फराळाचा डबा

यंदा दिवाळींत आमच्या धाकट्या सूनबाईच्या चकल्या तिसऱ्याच दिवशीं सादळल्या आणि घरांत तिच्या भाजणीस बोल लागला. वस्तुतः अपराधी आम्ही! मोठ्या डब्यांत जागा दिसली म्हणून त्या चकल्यांवर आम्हींच पाकांतले रव्याचे लाडू रचले होते. लाडवांतील ओल कोरडी चकली शोषून घेते, हें चाळीस वर्षें व्याकरण शिकविणाऱ्यास कोठून सुचावें? चकलीस घट्ट झाकणाचा स्वतंत्र डबाच हवा. आणि ती पुरती निवाल्यावांचून भरूं नये, एरव्हीं कोंडलेल्या वाफेचें झाकणाखालीं पाणी होतें. (लाडवांस पितळी डबा चालेल, कल्हई शाबूत असल्यास.) काल पंक्तींत आम्हीं आपला अपराध सर्वांसमक्ष सांगितला. सूनबाई कांहीं बोलली नाहीं. पण आज आमच्या पानांत नव्या घाण्याची चकली आली.