मृत्युपत्र आहे, मग बायको कुठे आहे?



गेल्या महिन्यात आमच्या सल्ला केंद्रावर साठीच्या पुढच्या एक मावशी आल्या. पिशवीतून मृत्युपत्राची झेरॉक्स काढून पुढे ठेवली. "ताई, यात माझं नाव कुठं हाय तेवढं सांगा." चार पाने वाचली. घर आणि शेत पुतण्याला. मावशींचे नाव तर नाहीच, 'पत्नी' हा शब्दसुद्धा नाही! त्याच रानात चाळीस वर्षे खुरपणी केली, अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचे सगळे केले, ती बाई कागदावर जन्मालाच आली नव्हती. गावातल्या वकिलाने सांगितले होते, मृत्युपत्र आहे म्हणजे विषय संपला.

विषय संपत नाही. हिंदू वारसा कायद्याने १९५६ साली विधवेला मुलांच्या बरोबरीचा वाटा दिला, आणि त्याच कायद्याच्या कलम ३० ने तो वाटा मृत्युपत्राने पुसून टाकण्याची मुभाही दिली. २००५ च्या दुरुस्तीने मुली सहदायाद झाल्या, पण ही मुभा तशीच राहिली. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्र चालत नाही. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार नसेल तर मालमत्ता दोघांची सामाईक असते. बायकोच्या अर्ध्या हिश्श्याला नवऱ्याचे मृत्युपत्र शिवू शकत नाही. बहुसंख्य हिंदू बाईला मात्र असे काहीच कवच नाही.

तरी दोन वाटा आहेत. पहिली, मृत्युपत्रालाच आव्हान. ते खरे आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी ते पुढे आणणाऱ्यावर असते, आणि संशयास्पद बाबींचा खुलासाही त्यानेच करायचा असतो. पंजाबातल्या एका खटल्यात पुतण्याच्या नावे केलेल्या मृत्युपत्रात पत्नीचा उल्लेखच नव्हता. ती संशयास्पद बाब आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले. आमच्या मावशींच्या कागदाशी हे किती जुळते पाहा.

दुसरी वाट पोटगीची. मृत्युपत्र खरे ठरले तरी, हिंदू दत्तक व पोटगी कायद्याच्या कलम २२ प्रमाणे, जिला काहीच मिळाले नाही त्या विधवेला मालमत्ता घेणाऱ्याकडून त्या मालमत्तेतून पोटगी मागता येते. पुनर्विवाह केला की हा हक्क संपतो. बाईच्या कुंकवावर कायद्याची नजर अजून आहेच. आणि उशीर करून चालत नाही. हुकूमनाम्याने बोजा चढेपर्यंत जमीन मोकळीच असते, तोवर ती विकली गेली तर धावपळ वाढते.

पण ज्या घराची ती वाटेकरी, त्याच घरात तिने पोटगी का मागावी? मृत्युपत्राचा हक्कच नको, असे मी म्हणत नाही. त्याच्याच आधारे काही जणी लेकीच्या नावे घर करतात. मात्र मागे राहिलेल्या जोडीदाराचा ठरावीक वाटा कुणाच्याही मृत्युपत्राच्या पलीकडे असला पाहिजे. ही मागणी आपण २००५ मध्ये पुरेशा जोराने लावून धरली नाही, असे मला वाटते.

तोवर, तुमच्या केंद्रावर अशी बाई आली तर आधी तलाठ्याकडे फेरफाराला लेखी हरकत द्या, पोच घ्या, आणि कोणत्याही संमतीपत्रावर तिला अंगठा उठवू देऊ नका. मावशींची हरकत नोंदवली आहे. दाव्याचे कागद तयार होत आहेत. त्या रोज रात्री त्याच घरात झोपायला जातात. पुतण्याने बाहेरच्या खोलीला कुलूप लावले आहे, स्वयंपाकघर अजून त्यांच्याकडे आहे.