रंग दुरुस्त करण्याआधी मॉनिटर दुरुस्त करा

लग्नसराई उरकली की जळगावात पिंप्राळ्यापासून फुले मार्केटपर्यंतच्या फोटो स्टुडिओंत एकच तक्रार ऐकू येते. कॉम्प्युटरवर शालू मोरपंखी दिसत होता, अल्बममध्ये निळा कसा झाला? चेहरे काळपट का आले? स्टुडिओवाला लॅबकडे बोट दाखवतो, लॅबवाला कागदाकडे. मॉनिटरवर कोणी संशय घेत नाही. माझ्या मते पहिला संशय त्याच्यावरच घ्यायला हवा.

जळगावला तरी हे वेगळं सांगायला नको. सोन्यासाठी नावाजलेल्या या गावात काट्याची पडताळणी झाल्याशिवाय वजन मान्य होत नाही. मॉनिटर हा रंगाचा काटा आहे, आणि तो मात्र आपण खोक्यातून काढतो तसाच वर्षानुवर्षं वापरतो.

दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यात भरावा म्हणून नव्या मॉनिटरचा ब्राइटनेस बऱ्याचदा चढा, पांढरा निळसर आणि रंग भडक ठेवलेले असतात. अशा स्क्रीनवर फोटो मुळातच उजळ दिसतो, म्हणून काम करणारा तो आणखी उजळवत नाही. कागदाला स्वतःचा प्रकाश नसतो; प्रिंट काळपट येते. स्क्रीनचा निळसरपणा घालवायला तो फोटोत पिवळा वाढवतो आणि अख्खं वऱ्हाड पिवळट छापून येतं.

नुसत्या नजरेनं हे सुटत नाही, कारण डोळा जुळवून घेतो. थोडा वेळ पाहिल्यावर निळसर पांढराही शुभ्र वाटू लागतो. म्हणून रंग मोजणारा कलरीमीटर लागतो. तो स्क्रीनवर टेकवला की सॉफ्टवेअर एकामागून एक रंगांचे चौकोन दाखवतं. कोणता रंग हवा होता आणि कोणता उमटला, हे मोजून मॉनिटरची प्रोफाइल, म्हणजे त्याच्या रंगांची नोंद, तयार होते. फोटोशॉप ती वाचून रंग सावरून दाखवतं. पांढरा ६५०० केल्विन, गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा ठरवणारा आकडा) २.२ आणि ब्राइटनेस ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर, हे नेहमीच्या कामाचे आकडे. स्क्रीन जुनी होत जाते, म्हणून ही मोजणी महिन्याकाठी पुन्हा करावी.

यंत्र नसलं तरी पुष्कळ करता येतं. मॉनिटर अर्धा तास तापू द्या. नाइट लाइट बंद करा, ब्राइटनेस उतरवा, ‘व्हिव्हिड’ सोडून एसआरजीबी, म्हणजे सर्वसाधारण स्क्रीनसाठी ठरवलेल्या प्रमाण रंगांचा, मोड लावा. खिडकीचा उजेड थेट स्क्रीनवर पडू देऊ नका. समोरची भिंत भडक रंगाची नसावी. लॅबला फाइल पाठवताना त्यांनी वेगळं सांगितलं नसेल तर १९९६ पासून चालत आलेली एसआरजीबी प्रोफाइल फाइलमध्ये जोडा. एवढं करूनही काही रंग हातचे सुटतात. आषाढी एकादशीला पिंप्राळ्याचा रथ निघतो. त्या दिवशीच्या झेंडूचा तेजस्वी केशरी एसआरजीबीत पूर्ण मावत नाही. ती मर्यादा गिऱ्हाइकाला आधीच सांगावी.

एवढ्या काटेकोरपणाची गरज काय, असं कोणी विचारलं तर मी अजिंठ्याकडे बोट दाखवीन. लेणी इथून साठेक किलोमीटरवर. १९२० नंतर निजाम सरकारनं बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी भित्तिचित्रं टिकावीत म्हणून त्यांवर शेलॅक म्हणजे लाखेचा लेप दिला. हेतू चांगला होता, पण लेप पुढे पिवळा पडला आणि पाहणाऱ्यांना चित्रंच पिवळट वाटू लागली. तो काढायला पुरातत्त्व खात्याला फार कष्ट पडले. चुकीचा मॉनिटरही डोळा आणि चित्र यांच्यामध्ये असाच लेप बनतो. आजीचा शालू विरतो. नातीला त्याचा रंग कळतो तो अल्बममधून. तो रंग चुकला तर खरा कोणता होता, हे सांगायला मागे काही उरत नाही.

कलरीमीटरची किंमत एका चांगल्या लेन्सपेक्षा बरीच कमी आहे. एकट्याला जड वाटत असेल तर चार-पाच स्टुडिओंनी मिळून एक घ्यावा आणि आळीपाळीनं वापरावा. लॅबनं आपल्या प्रिंटरची प्रोफाइल स्टुडिओंना द्यावी, म्हणजे छपाईआधीच रंगाचा अंदाज येईल. आणि अल्बमची ऑर्डर देणाऱ्यांनी पानं किती, कव्हर कोणतं याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: मॉनिटर शेवटचा कधी मोजला? गिऱ्हाईक विचारू लागलं की स्टुडिओ मोजू लागतील.