पाणी शिरण्याआधी खुंटीवर एक पिशवी

२१ जुलै २०२१ ची रात्र अकोल्यातल्या मोर्णाकाठच्या लोकांना अजून आठवते. वर्षभरात आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या शहरात एका रात्रीत दोनशेच्या घरात पाऊस झाला. मोर्णा फुगली, नाल्यांचे पाणी मागे फिरले आणि सखल भागातल्या घरांमध्ये लोक झोपेत असतानाच पाणी शिरले.

दुसऱ्या दिवशी मी अशाच एका वस्तीत गेले होते. आरोग्यसेविकेची नोकरी संपली तरी लोक हाक मारतात आणि पाय आपोआप तिकडे वळतात. ओळखीची एक बाई दारात बसून होती. रात्री तिने आणि मुलीने मिळून गव्हाचे पोते, टीव्ही आणि शिलाई मशीन पलंगावर चढवले. पत्र्याची पेटी मात्र पलंगाखालीच राहिली. "गव्हाचं चुंगडं वाचलं माय, पण कागदं गेले," एवढेच ती म्हणाली. त्या पेटीत तिच्या सासऱ्यांचा शाळेचा दाखला होता. कपडे वाळत घालतात तसे कागद दोरीवर टाकले होते आणि त्यावरची शाई पार उतरली होती.

त्या कागदाची किंमत आपल्या घरांना सांगावी लागत नाही. जात पडताळणीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. बहुतेक घरांत तो पुरावा म्हणजे आजोबांचा किंवा पणजोबांचा एकच पिवळा पडलेला दाखला असतो. त्याची दुसरी प्रत काढायला त्या मायलेकींनी आठ महिने हेलपाटे घातले. मुलीचे प्रवेशाचे ते वर्ष गेले ते गेलेच.

तेव्हापासून माझे एक मत पक्के झाले आहे. आपत्तीची तयारी म्हटले की आपण धान्य भरून ठेवायचा विचार करतो. आपल्या वस्तीत ती तयारी कागदांपासून आणि औषधांपासून सुरू झाली पाहिजे. पूर ओसरायच्या आत खिचडीची पातेली येतात. विहारातून येतात, शेजारच्या मोहल्ल्यातून येतात, निवडणूक जवळ असेल तर पुढाऱ्यांकडूनही येतात. जुने कपडे तर नको इतके येतात. पण तुमच्या सासूबाईंची बीपीची गोळी कोणी घेऊन येत नाही आणि आजोबांचा दाखला तर कोणी आणूच शकत नाही.

सरकारी पत्रकातली आपत्ती किटची यादी मी वाचली आहे. टॉर्च, रेडिओ, तीन दिवसांचे अन्न, पाणी, प्रथमोपचार पेटी वगैरे. यादी चुकीची नाही, पण ती वाचताना वाटते की लिहिणाऱ्याच्या घरात एक रिकामी खोली असावी. मी हे एका बैठकीत सांगत होते तेव्हा मागून एक बाई म्हणाली, "आमच्या घरात उभं राहाले जागा नाई, तुमची पेटी कुठी ठेवू?" तिचे खरे होते. पैशाचेही तसेच आहे. रोजीवर जाणाऱ्या घरातून एका दिवशी हजार रुपये निघत नाहीत.

म्हणून पेटी नको, पिशवी घ्या. जुन्या दप्तरासारखी, खांद्याला अडकवता येणारी. ती डोक्याच्या वर खुंटीला टांगा. पलंगाखाली, माळ्यावर किंवा कपाटाच्या मागे ठेवू नका. आणि तिच्यात आठवड्याला एकच वस्तू टाका. १४ एप्रिलला सुरुवात केली तर आषाढी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे वर्षावास सुरू होईपर्यंत, बारा-पंधरा आठवडे मिळतात. तेवढ्यात पिशवी पुरती भरते आणि आपल्याकडचा जोराचा पाऊसही साधारण त्यानंतरच येतो.

पहिला आठवडा फुकटाचा आहे. घरातले सगळे कागद एकत्र काढा. जातीचा दाखला, पडताळणी प्रमाणपत्र, आजोबांचा दाखला, रेशनकार्ड, आधार, बँकेचे पासबुक, घराची करपावती, मुलांच्या गुणपत्रिका. सगळे दोन पन्न्यांमध्ये, तोंडे उलटसुलट करून गुंडाळा. प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो काढून दुसऱ्या गावी राहणाऱ्या बहिणीला किंवा भावाला पाठवून ठेवा. आपल्या फोनवरचा फोटो फोनबरोबरच बुडतो. पंचनाम्यानंतर मदत खात्यावर जमा होते, म्हणून पासबुकाचे पहिले पान विसरू नका. दवाखान्यात सरकारी योजनेतून उपचार घ्यायलाही रेशनकार्ड आणि आधार आधी विचारतात.

आता औषधे. बीपी, शुगर, दमा, फिट्स, थायरॉईड यांपैकी काही ना काही आज प्रत्येक चाळीत आहे. सरकारी दवाखान्यातून पंधरा दिवसांच्या किंवा महिन्याच्या गोळ्या मिळतात आणि आपण शेवटची गोळी संपल्यावर जातो. यात एकच बदल करा. गोळ्या संपायच्या पाच-सहा दिवस आधी जा. त्या उरलेल्या पाच-सहा गोळ्या पिशवीचा साठा झाला, एक पैसा न देता. पुढच्या महिन्यात त्या आधी खायच्या आणि नव्यातल्या पाच ठेवायच्या, म्हणजे मुदत संपत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. दुसऱ्या गावचा डॉक्टर "पांढरी छोटी गोळी" यावरून औषध देऊ शकत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी वीज गेली तर बाटली कोरड्या डब्यात बंद करून तो डबा ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मातीच्या भांड्यात, सावलीत ठेवावा.

सिकलसेलबद्दल थोडे जास्त बोलायला हवे, कारण विदर्भात हा आजार आपल्या समाजातल्या बऱ्याच घरांत आहे आणि तरी घराबाहेर त्याचे नाव घेतले जात नाही. लाल कार्ड असलेल्या मुलाला पावसात भिजणे, गारठणे, पाणी कमी पडणे आणि ताप येणे या चारही गोष्टी धोक्याच्या आहेत. पुरात त्या चारही एकदम येतात. अंग ठणकायला लागले की लोक "भिजला म्हणून दुखते" म्हणतात आणि दिवस जातो. अशा घराच्या पिशवीत लाल कार्ड, फॉलिक अ‍ॅसिडच्या आणि चालू असलेल्या इतर गोळ्या, कोरडा स्वेटर आणि भरलेली पाण्याची बाटली हवीच. तीव्र दुखणे, श्वास लागणे किंवा ताप असेल तर घरी शेकत बसू नका, १०८ ला फोन करा. कार्ड लपवून ठेवणाऱ्या घरांना माझी कळकळीची विनंती आहे, निदान विहारातल्या दोन माणसांना तरी सांगून ठेवा. रात्री मुलाला उचलून न्यायला तीच माणसे येणार आहेत.

पाणी साठवायला अकोल्याच्या बायकांना कोणी शिकवू नये. नळ रोज येत नाही तिथे त्या जन्मभर हेच करत आल्या आहेत. फक्त ते सगळे पाणी जमिनीवरच्या ड्रममध्ये असते आणि पुराचे पाणी पहिले त्यातच शिरते. माणशी रोज तीन लिटर पिण्याला धरले तर पाच जणांना दोन दिवसांचे तीस लिटर होते. एवढे पाणी घट्ट झाकणाच्या दोन कॅनमध्ये ओट्यावर किंवा फळीवर ठेवा आणि आठवड्याला बदला. फवारणीच्या औषधाची कॅन कितीही धुतली तरी पाण्याला वापरायची नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण कापसाच्या या मुलखात ती घरोघरी सापडते. क्लोरीनचे थेंब किंवा गोळ्या आशाताईंकडे मागा. प्रमाण बाटलीवर लिहिलेले असते. टाकल्यावर अर्धा तास थांबायचे.

ओआरएसची पाकिटेही तिथेच मिळतात. पाकिटावर एक लिटर लिहिले असेल तर एक लिटर पाण्यात अख्खे पाकीट टाकायचे, अर्धे नाही, आणि ते पाणी एका दिवसात संपवायचे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूरकडच्या खारपाणपट्ट्यात मात्र बोअरच्या पाण्यात हे करू नका, ते आधीच खारट आहे. गोडे पाणी वापरा. पुराच्या पाण्यात चालल्यानंतर काही दिवसांनी ताप आला आणि पोटऱ्या दुखल्या तर डॉक्टरांना "मी पुरात चाललो होतो" हे वाक्य आधी सांगा. मनाने ब्रुफेन घेऊ नका.

ही पिशवी फक्त पुराची नाही. मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि उन्हापायी जिल्ह्यात कलम १४४ लावावे लागले. तेव्हा ओआरएस आणि थंड पाण्याचा हाच साठा कामी आला असता. २२ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री अमरावतीत लॉकडाऊन लागला तेव्हा पूर नव्हता, पाऊस नव्हता, पण रोजी बंद झाली. त्या आठवड्यात ज्यांच्याकडे गोळ्या शिल्लक होत्या ती घरे निर्धास्त होती.

खाण्याचे फार सांगत नाही. फुटाणे, गूळ, शेंगदाणे, मुरमुरे, चूल न पेटवता खाता येईल असे काहीही. स्टीलच्या डब्यात ठेवा, नाहीतर उंदीर खातील. टॉर्च घ्या, मेणबत्ती नको. फळ्या-ताडपत्रीच्या घरात मेणबत्ती म्हणजे दुसरी आपत्ती. पाळीसाठी कोरडे कापड किंवा पॅड, गरोदर बाई असेल तर तिचे माता-बाल कार्ड. ११२, १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे नंबर कागदावर लिहून ठेवा.

एवढे सांगितल्यावर कोणी विचारेल, नाला साफ करायचा कोणी? आम्ही पिशव्या भरत बसायचे आणि पालिकेने झोपायचे काय? हा प्रश्न मला पूर्ण मान्य आहे. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुराने मोवाडमध्ये २०४ माणसे गेली. मोवाड आपल्या अमरावती जिल्ह्याच्या सीमेलगत आहे. असा पूर खांद्यावरच्या पिशवीने थांबत नाही. १९४३ च्या दामोदर नदीच्या पुरानंतर बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळताना त्या खोऱ्याच्या योजनेला गती दिली. पूर अडवणे हे सरकारचे काम आहे, असेच त्यांनी धरले होते. २००५ च्या कायद्याने जिल्ह्याची ही जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणावर टाकली आहे. तेव्हा मे महिन्यात बचत गटाच्या नावाने लेखी अर्ज द्या. आमचा नाला कधी साफ होणार? पाणी शिरले तर आम्ही कोणत्या शाळेत जायचे आणि तिची किल्ली रात्री कोणाकडे असेल? किल्लीचा प्रश्न हमखास लिहा. अर्जाची पोच घ्या आणि तीही पिशवीत ठेवा.

जे एका घराला परवडत नाही ते भिशीतून घ्या आणि विहारात ठेवा. दोन मोठे टॉर्च, दोर, बीपीचे मशीन, ओआरएसचा खोका, एक स्ट्रेचर. विहार उंचावर असेल तर उत्तम. नसेल तर वस्तीतले उंचावरचे पक्के घर शोधा, मग ते कोणाचेही असो.

माझी स्वतःची पिशवी दाराशेजारी टांगलेली आहे. कागद आहेत, गोळ्या आहेत, टॉर्च आहे. शिटी मात्र दोन वर्षांपासून घ्यायची राहून जाते. ती या आठवड्यात घेते.